गोळी नेमकी कोणाला हवी आहे?



कुटुंबाच्या या पानावर आपण मुलांचे शिक्षण, लग्नातला वायफळ खर्च, दारू आणि घरातली भांडणे या विषयांवर नेहमी बोलतो. आज आम्ही जो विषय घेतला आहे, तो पाहून काही घरांत पान पटकन उलटले जाईल, याची आम्हाला जाणीव आहे. परंतु वस्तीत काम करताना जे कानावर येते, ते आम्ही दडवून ठेवू शकत नाही. प्रश्न असा आहे : संसारी बाईला शरीरसंबंधाची इच्छाच होत नसेल, तर तिला औषध द्यावे काय?

हा प्रश्न परदेशातल्या श्रीमंतांचा आहे असे कोणी समजू नये. नांदेडच्या वस्तीत आणि लातूरच्या मार्केट यार्डात आता प्रत्येकाच्या हातात मोबाईल आहे, आणि मोबाईलवर 'बायकांची ताकदीची गोळी' अशा जाहिराती रोज येतात. कोणी चहातून पूड देतो, कोणी मेडिकलवाल्याकडे हळू आवाजात चौकशी करतो. 'बायको जवळ येऊ देत नाही' म्हणून मारझोड होते, संशय घेतला जातो, माहेरी नेऊन सोडले जाते. या सगळ्यात त्या बाईला काय होते आहे, हे मात्र बहुधा कोणी विचारत नाही. म्हणून हा विषय स्वच्छ शब्दांत मांडणे आम्हाला आवश्यक वाटते.

बाबासाहेबांनी घेतलेले वकीलपत्र

असे विषय आपल्या साप्ताहिकात शोभत नाहीत, असे ज्यांना वाटते त्यांना आम्ही १९३४ सालची आठवण करून देऊ इच्छितो. महर्षी कर्वे यांचे चिरंजीव रघुनाथ धोंडो कर्वे हे मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक होते. त्यांनी १९२१ साली मुंबईत संततिनियमनाचे केंद्र सुरू केले. या कार्यापायी त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' हे मासिक काढले आणि १९५३ साली निधन होईपर्यंत, तोटा सोसून, ते चालवले. कामेच्छा पुरुषाइतकीच स्त्रीलाही असते, तिच्या सुखाचाही विचार झाला पाहिजे, हे त्यांनी त्या काळात उघड लिहिले.

वाचक या मासिकाला आपल्या खाजगी अडचणी विचारीत आणि कर्वे त्यांना शास्त्राला धरून उत्तरे देत. या उत्तरांवरूनच त्यांच्यावर अश्लीलतेचा खटला भरला गेला. त्याआधीही एका लेखासाठी त्यांना दंड झालेला होता. समाजातील प्रतिष्ठित मंडळींनी अंग काढून घेतले असताना कर्व्यांच्या बाजूने न्यायालयात उभे राहिले ते बॅरिस्टर डॉ. बाबासाहेब आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्यावरून ते लिखाण अश्लील ठरत नाही, लोकांच्या अडचणींना ज्ञानाने उत्तर दिले पाहिजे, ही त्यांची बाजू होती. खटला हरला आणि कर्व्यांना दोनशे रुपये दंड झाला. पण बाबासाहेब तिथेच थांबले नाहीत. १९३८ साली मुंबईच्या विधानसभेत संततिनियमनाचा ठराव आला, तो त्यांच्या स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार रोहम यांनी मांडला आणि त्यामागील भाषण बाबासाहेबांनी तयार केले होते. तो ठरावही नामंजूर झाला.

प्रश्न विचारणाऱ्याला उत्तर मिळाले पाहिजे, यासाठी बाबासाहेबांनी वकीलपत्र घेतले. मग आपल्या मायबहिणींनी तोच प्रश्न विचारला, तर आपण मान खाली का घालावी?

गोळीचा जन्म

आता त्या गोळीकडे वळू. १९९८ साली अमेरिकेत पुरुषांसाठी व्हायग्रा ही गोळी आली आणि कंपनीने अमाप पैसा कमावला. साहजिकच दुसरा प्रश्न निघाला, बायकांसाठी असे काही का नाही? त्याच कंपनीने तेच औषध सुमारे तीन हजार स्त्रियांवर तपासून पाहिले आणि २००४ साली तो नाद सोडून दिला. कारण उघड आहे. व्हायग्रा रक्तप्रवाह वाढवते. ज्या पुरुषाला इच्छा आहे पण शरीर साथ देत नाही, त्याच्या उपयोगाची ती गोळी. ती इच्छा उत्पन्न करीत नाही. बाईची तक्रार पुष्कळदा इच्छेचीच असते.

त्याच २००४ साली आणखी एका कंपनीने टेस्टोस्टेरॉन या संप्रेरकाची, म्हणजे हार्मोनची, कातडीवर लावायची पट्टी पुढे आणली. गर्भाशय आणि अंडाशय दोन्ही काढलेल्या स्त्रियांसाठी ती होती. अमेरिकेत तिला परवानगी मिळाली नाही. युरोपात २००६ साली मिळाली, पण २०१२ साली कंपनीनेच ती बाजारातून मागे घेतली.

मग आली फ्लिबान्सेरिन. हे औषध मुळात उदासीनतेच्या आजारावर, म्हणजे डिप्रेशनवर, शोधले जात होते. त्या कामात ते उपयोगी पडले नाही, परंतु ते घेणाऱ्या काही स्त्रियांनी इच्छा वाढल्याचे सांगितले. तेव्हा कंपनीने दिशा बदलली. अमेरिकेचे औषध खाते, ज्याला एफडीए म्हणतात, त्याच्यापुढे हे औषध २०१० साली नापास झाले. जुन्या कंपनीने ते स्प्राउट नावाच्या छोट्या कंपनीला विकले. २०१३ साली पुन्हा नकार आला. अखेर १८ ऑगस्ट २०१५ रोजी परवानगी मिळाली आणि 'ॲडी' या नावाने गोळी बाजारात आली. दोनच दिवसांत एका बड्या कंपनीने स्प्राउट कंपनी सुमारे एक अब्ज डॉलरला विकत घ्यायचे जाहीर केले. २०१९ साली ब्रेमेलॅनोटाइड नावाचे इंजेक्शनही मंजूर झाले. संबंधाच्या किमान पाऊण तास आधी ते स्त्रीने स्वतःला टोचून घ्यायचे. ते घेणाऱ्या शंभरांपैकी चाळीस जणींना मळमळ झाली.

आकडे काय सांगतात?

आम्ही कारकुनी करणारी माणसे. कोणी कितीही मोठे भाषण केले तरी आम्ही आधी आकडा विचारतो. फ्लिबान्सेरिनचा आकडा असा आहे. सुमारे २४०० स्त्रियांवर २४ आठवड्यांचे तीन अभ्यास झाले. सुमारे निम्म्या जणींना खरी गोळी, बाकीच्यांना दिसायला तशीच पण औषध नसलेली गोळी. औषध नसलेल्या गोळीनेही पुष्कळ जणींना बरे वाटले. कोणीतरी आपले ऐकून घेते आहे, एवढ्यानेही माणसाला बरे वाटते, हे त्यातून दिसते. त्या खोट्या गोळीपेक्षा खऱ्या गोळीने जास्तीचे काय दिले? महिन्याकाठी समाधानकारक संबंधांत अर्ध्यापासून एकापर्यंत वाढ. बस्स, एवढेच.

आता खर्चाची बाजू पाहू. गोळी रोज रात्री झोपताना घ्यायची, लागेल तेव्हा एक अशी नाही. आठ आठवड्यांत गुण आला नाही तर बंद करायची. चक्कर, झोप, मळमळ, रक्तदाब एकदम खाली जाणे, बेशुद्ध पडणे हे तिचे दुष्परिणाम. दारूबरोबर हा धोका वाढतो, म्हणून पाकिटावरच कडक इशारा छापावा लागला. आणि गंमत पाहा, दारूबरोबर या औषधाचे काय होते याचा जो अभ्यास परवानगीच्या वेळी पुढे ठेवला, त्यात २५ माणसे होती आणि त्यातले २३ पुरुष होते! औषध बायकांचे, तपासणी पुरुषांवर.

आपल्याकडच्या भगिनींसाठी आणखी एक गोष्ट महत्त्वाची आहे. गजकर्णावर किंवा अंगावरून पांढरे जाऊन खाज सुटते त्यावर मेडिकलमधून फ्लुकोनॅझोल नावाची गोळी सर्रास घेतली जाते. ही गोळी आणि फ्लिबान्सेरिन एकत्र घेतल्यास रक्तदाब धोकादायक रीतीने खाली जाऊ शकतो, म्हणून दोन्ही एकत्र घेण्यास मनाई आहे. यकृताचा आजार असलेल्यांनीही ती घ्यायची नाही. अशी गोळी मोबाईलवरून मागवून, डॉक्टरला न विचारता, बायकोच्या हातावर ठेवणे म्हणजे तिच्या जिवाशी खेळ आहे.

दोन तट

या गोळीवरून अमेरिकेत मोठा वाद झाला, आणि स्त्रियांच्या हक्कांसाठी लढणाऱ्या संघटनांतच दोन तट पडले.

एका तटाचे म्हणणे असे : पुरुषांना औषधे आहेत, बायकांना एकही नाही. बाई दुःख सांगते तेव्हा 'हे तुझ्या मनाचे खेळ आहेत' म्हणून तिला घरी पाठवले जाते. हा अन्याय आहे. औषधाचा गुण थोडा असला तरी ते घ्यायचे की नाही हे तिचे तिला ठरवू द्या. २०१४ पासून 'बरोबरी करा' अशा अर्थाच्या नावाची एक मोहीमच या मागणीसाठी चालली.

दुसऱ्या तटाचे म्हणणे असे : या मोहिमेमागे औषध कंपनीचा पैसा आहे. समानतेचा झेंडा पुढे करून माल खपवला जातो आहे. मानसशास्त्रज्ञ लिओनोर टीफर यांनी २००० सालापासूनच याविरुद्ध चळवळ उभी केली होती. बाईची इच्छा तिच्या कामाशी, पैशाशी, नवऱ्याच्या वागण्याशी, भीतीशी आणि लाजेशी जोडलेली असते. ते सगळे बाजूला ठेवून तिच्या मेंदूत दोष आहे असे ठरवायचे आणि त्यावर गोळी विकायची, याला त्यांचा विरोध होता. २००३ साली ब्रिटनच्या एका नामवंत वैद्यकीय नियतकालिकात पत्रकार रे मॉयनिहन यांनी कंपन्या नवा आजार कसा घडवतात यावर लेख लिहिला, त्यानंतर हा वाद जगभर गेला.

वादाच्या मुळाशी एक आकडा होता. अमेरिकेतील ४३ टक्के स्त्रियांना लैंगिक तक्रार आहे, असे १९९९ साली छापून आले. म्हणजे जवळजवळ निम्म्या बायका आजारी! पुढे २००८ साली तिथेच तीस हजारांहून अधिक स्त्रियांची पाहणी झाली आणि त्यात एक साधा प्रश्न जास्तीचा विचारला गेला, 'बाई, तुला स्वतःला याचा त्रास वाटतो का?' तेव्हा असे दिसले की शंभरात सुमारे ३९ जणींची इच्छा कमी होती, परंतु त्याचा त्रास वाटणाऱ्या सुमारे १० च होत्या. उरलेल्या २९ जणींचे काय? त्यांची तक्रारच नव्हती. त्यांना आजारी कोणी ठरवले?

आमच्या मते साऱ्या वादाची किल्ली या एका प्रश्नात आहे. वैद्यकशास्त्रही आता तेच मानते. इच्छा कमी असणे हा आपोआप आजार होत नाही. निदान सहा महिने तसे चालले असेल, त्यामागे दुसरे कारण नसेल आणि त्या स्त्रीला स्वतःला त्याचे दुःख होत असेल, तरच त्याला आजाराचे नाव द्यायचे. नवऱ्याला दुःख होते म्हणून बायको रोगी ठरत नाही.

यार्डातला हमाल आणि दालमिलमधली बाई

आता आपल्या गावाकडे येऊ. ओळख पटू नये म्हणून काही तपशील आम्ही बदलले आहेत.

लातूरच्या मार्केट यार्डात हमाली करणारे आमच्या ओळखीचे एक गृहस्थ एकदा बाजूला घेऊन म्हणाले, "भाऊ, बायकांसाठी काही गोळी निघालीय म्हणे. तुमचं दवाखान्यात येणं-जाणं आहे. बघा की." माणूस वाईट नव्हता. दारू पीत नव्हता, हात उगारत नव्हता. बायको दालमिलमध्ये कामाला. दोन वर्षांपासून तिला नकोच वाटते, एवढीच त्याची तक्रार. आमच्या गटातल्या एक ताई त्या माउलीजवळ जाऊन बसल्या. ती आधी काही बोलेना. मग म्हणाली, "पहाटे चारला उठते, ताई. पाणी भरायचं, सैपाक, डबे, मग मिल. रातच्याला पाठ टेकली की मी मेलेली असते. एका खोलीत आम्ही सहा माणसं. सासूबाई पडद्याच्या पल्याड खोकतात. आन् तुम्ही म्हणता इच्छा! मला आजवर कुणी इचारलंच नाही, बाई तुला काय होतं म्हणून."

सरकारी दवाखान्यात रक्त तपासले. हिमोग्लोबिन सात निघाले. निरोगी बाईचे ते निदान बारा असावे लागते. पाळीत अंगावरून फार जात होते, ते तिने कोणाला सांगितले नव्हते. त्यावर उपचार झाले, लोहाच्या गोळ्या कित्येक महिने चालल्या. नवऱ्याने पहाटेचे पाणी भरणे स्वतःकडे घेतले. सगळे छान झाले, असे आम्ही लिहिणार नाही. खोली तीच आहे, माणसे सहाच आहेत. पण आता ते दोघे एकमेकांशी बोलतात आणि गोळीचा विषय निघत नाही.

ही एकटीची कथा नाही. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या ५४ टक्के स्त्रियांच्या अंगात रक्त कमी निघाले. म्हणजे दोघींत एक. जिन्याच्या चार पायऱ्या चढताना जिला धाप लागते, तिच्या मनात रात्री इच्छा यावी कोठून?

रक्त कमी असणे हे एक कारण झाले. थायरॉईडचा दोष, मधुमेह, बाळंतपणानंतर अंगावर पाजण्याचे महिने, पाळी जाण्याचा काळ, उदासीनता यांनीही इच्छा मंदावते. उदासीनतेवरच्या आणि रक्तदाबावरच्या काही गोळ्यांनीही तसे होते. अशा वेळी गोळ्या आपल्या मनाने बंद करू नयेत, डॉक्टरांना सांगितले तर ते औषध बदलून देऊ शकतात. संबंधाच्या वेळी दुखत असेल तर शरीर आपोआप मागे सरते. पुन्हा दिवस जातील याची भीती असेल तरी तसेच. आणि ही भीती आपण सगळी बाईवर टाकलेली आहे. त्याच पाहणीत देशात कुटुंबनियोजनाची शस्त्रक्रिया केलेल्या स्त्रिया शंभरात ३८ आणि पुरुष हजारात तीन निघाले. नसबंदी सोपी असूनही पुरुष पुढे येत नाही आणि मग विचारतो, ही मागे का सरते?

पिशवी काढल्यानंतर

मराठवाड्याचे आणखी एक दुखणे आहे. मुखेड-कंधारकडून, जळकोट-अहमदपूरकडून कोयता घेऊन ऊसतोडीला जाणारी कुटुंबे आपल्या ओळखीची आहेत. शेजारच्या बीड जिल्ह्यात २०१९ साली शासनाच्या समितीसाठी ८२,३०९ ऊसतोड महिलांची पाहणी झाली. त्यातील १३,८६१ जणींची गर्भपिशवी काढलेली होती. म्हणजे सहांत एक. पाळीत खाडा झाला तर मुकादम पैसे कापतो, पांढरे गेले की कॅन्सरची भीती घातली जाते, आणि पंचविशी-तिशीतल्या बाया पिशवी काढून मोकळ्या होतात.

नुसती पिशवी काढली म्हणजे इच्छा जातेच असे नाही. मात्र पिशवीबरोबर दोन्ही अंडाशये काढली, तर शरीरातली संप्रेरके एकाएकी आटतात. जे पन्नाशीत हळूहळू व्हायचे ते तिशीत एका रात्रीत होते. अंगातून वाफा निघतात, झोप उडते, हाडे ठिसूळ होऊ लागतात, जागा कोरडी पडून संबंध दुखरा होतो आणि इच्छाही मंदावते. किती तरी भगिनींना आपले नेमके काय काढले हेही ठाऊक नसते.

अशाच एक भगिनी नांदेडला आमच्या गटापुढे बोलल्या. वय चौतीस. एकोणतिसाव्या वर्षी ऑपरेशन. एका खाजगी डॉक्टरकडे त्यांनी हे दुःख सांगितले तेव्हा उत्तर मिळाले, "दोन लेकरं झाली ना? आता कशाला पाहिजे?" त्या आम्हाला म्हणाल्या, "नवरा काही म्हणत नाही. तो समजून घेतो. पण माझं काहीतरी माझ्यातून काढून नेलंय असं मला वाटतं. मला ते परत पाहिजे. त्याच्यासाठी नाही, माझ्यासाठी."

या वाक्यापुढे आम्ही गप्प झालो. 'हा सगळा कंपन्यांचा बनाव आहे' असे सरसकट म्हणणाऱ्यांनीही हे वाक्य ऐकावे. या बाईचे दुःख खरे आहे आणि तिला उपचार मिळणे हा तिचा हक्क आहे. असे उपचार आहेतही. कोरडेपणासाठी आत लावायचे इस्ट्रोजेनचे मलम मिळते. इतक्या लहान वयात अंडाशये गेली असतील तर स्त्रीरोगतज्ज्ञ तपासून संप्रेरकांच्या गोळ्या देऊ शकतात. पाळी गेलेल्या स्त्रीला इच्छा कमी झाल्याचे खरेच दुःख असेल, तर मोजून-मापून टेस्टोस्टेरॉन देता येते, असे २०१९ साली जगातल्या अनेक वैद्यकीय संस्थांनी मिळून सांगितले आहे. अर्थात, सर्व तपासण्या करून आणि डॉक्टरांच्या देखरेखीखालीच.

यार्डातल्या भावाला जी गोळी हवी होती ती त्याच्या बायकोला नको होती. आणि या भगिनीला जे हवे होते ते तिला कोणी विचारले नाही. दोन्हीकडे चूक एकच झाली. बाईला सोडून दुसऱ्याच कोणीतरी तिच्या शरीराचा निर्णय घेतला.

पूड, चूर्ण आणि जाहिराती

भिंतीवरच्या आणि मोबाईलवरच्या जाहिरातींबद्दल दोन शब्द. लैंगिक शक्ती किंवा सुख वाढवण्याचा दावा करून औषधाची जाहिरात करण्यास आपल्या देशात १९५४ सालच्या कायद्याने बंदी आहे. औषधे व जादूचे उपाय (आक्षेपार्ह जाहिराती) असे त्या कायद्याचे नाव. तरीही धंदा चालतो, कारण गिऱ्हाईक लाजेने तक्रार करीत नाही. पुडीत काय आहे हे विकणारालाही माहीत नसते. आणि बायकोला न सांगता दुधातून, चहातून काही घालणे हा शुद्ध गुन्हा आहे, मग ते 'आयुर्वेदिक' असो की 'विलायती'.

आपण काय करावे?

पुरुष बांधवांनो, पहिला प्रश्न स्वतःला विचारा. तक्रार कोणाची आहे, तिची की माझी? तिची नसेल तर ती आजारी नाही. मग तिचा दिवस किती तासांचा आहे ते मोजा. तिच्या हातातले एक काम कायमचे आपल्याकडे घ्या. पिऊन जवळ जाऊ नका. नाही म्हणाली तर थांबा. बायको आहे म्हणून तिच्या शरीरावर सदैव हक्क चालतो असे नाही. २००५ सालच्या कौटुंबिक हिंसाचार कायद्यात लैंगिक छळाचाही समावेश आहे, हे लक्षात ठेवा.

भगिनींनो, तुम्हाला स्वतःला याचे दुःख होत असेल तर लाजू नका. जवळच्या आरोग्य केंद्रात, नाही तर जिल्ह्याच्या ठिकाणी जा. नांदेडला विष्णुपुरीचे शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आहे, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय संस्था आहे. तिथे स्त्रीरोग आणि मानसोपचार हे दोन्ही विभाग आहेत. जाताना चालू गोळ्यांची पाकिटे आणि ऑपरेशन झाले असेल तर त्याचे कागद बरोबर न्या. रक्त, साखर आणि थायरॉईड तपासून घ्या. पिशवी काढली असेल तर 'अंडाशय ठेवले की काढले?' हा प्रश्न स्पष्ट विचारा. दुखते असे वाटत असेल तर 'दुखते' हाच शब्द वापरा, 'कसंतरी होतं' म्हणू नका. मन सारखे उदास असेल तर १४४१६ या टेली-मानसच्या नंबरवर फोन करा, त्याला पैसे पडत नाहीत.

आणि कार्यकर्त्यांनो, एक काम आपले आहे. गावोगावच्या विहारांत महिला मंडळे आहेत. तिथे कुलूप लावलेली एक पेटी ठेवता येईल. नाव न लिहिता भगिनींनी चिठ्ठी टाकावी, ज्यांना लिहिता येत नाही त्यांनी लेकीकडून नव्हे, मंडळातल्या विश्वासू बाईकडून लिहून घ्यावी. दोन-तीन महिन्यांनी एखाद्या लेडी डॉक्टरांना बोलावून त्या चिठ्ठ्या एकेक वाचाव्यात आणि उत्तरे घ्यावीत. पुरुषांची बैठक वेगळी लावावी, पण लावावीच. कर्व्यांच्या मासिकात लोक असेच प्रश्न विचारीत होते, आणि त्या प्रश्नांना उत्तर देण्याच्या हक्कासाठीच बाबासाहेब न्यायालयात उभे राहिले होते. पेटीला आणि कुलपाला फार तर दोन-तीनशे रुपये पडतील. पहिल्या महिन्यात ती रिकामी निघाली तरी काढू नका.